‘स्लो’ म्हणजे काय, असं विचारणाऱ्या शरयूताईंना

शरयूताई,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं होतं. ऑफिसातल्या अजितनं माइक माझ्यापर्यंत आणूनही दिला, पण मी मानेनंच नको म्हटलं. माझ्या आधी बोललेल्यांनी तुम्हाला ‘संगणकाच्या डॉक्टर’ करून टाकलं होतं. एकजण तर ‘यंत्राची नाडी ओळखणाऱ्या’ असंही म्हणाला. मला सारखा तुमचा चेहरा दिसत होता, चष्मा नाकावर खाली ओढून बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघणारा. उपमा दिली की माणूस विचार करायचं थांबतो, असं तुमचं म्हणणं. त्या हॉलमध्ये बरेच जण थांबले होते.

म्हणून हे लिहून सांगतेय. लिहिताना निदान कुणी मध्येच तोडून ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाही. ती सोय आहे खरी, पण मला ती नकोय.

आपली ओळखच त्या ‘म्हणजे काय’नं झाली. मी नोकरीला नवी होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. आमचा मॅनेजर अजित, तशा तुम्ही शरयू. मला ते काही जमेना. आईच्या वयाच्या बाईला नुसतं शरयू कसं म्हणायचं? मी मॅडम म्हणायला लागले, तर तुम्ही म्हणालात, मॅडम शाळेत असतात. मग ताई म्हणून बघितलं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे चाललं असं मी धरून चालले.

खरं सांगायचं तर मला तुमची भीती वाटायची. मी धायरीची. आमच्या घरी ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात आणि चारी बाजूंनी इमारती उठल्या तरी माझे चुलते धायरीला अजून गावच म्हणतात. तुम्ही सदाशिव पेठेत वाढलेल्या. तुमचं साधं ‘पाणी दे’सुद्धा छापल्यासारखं ऐकू यायचं. मीटिंगमध्ये तोंडातून ‘हाय’ निसटू नये म्हणून मी सगळं इंग्रजीतच बोलायचे. पण तुम्ही माझी भाषा कधीच दुरुस्त केली नाहीत. दुरुस्त केलात तो एकच शब्द.

एका सकाळी तुमच्या टेबलापाशी येऊन मी म्हटलं, सर्व्हर स्लो आहे.

“म्हणजे काय?”

“म्हणजे... वेळ लागतोय.”

“कुणाला? कशाला? आणि तो वेळ काम करण्यात जातोय, की कुणाची तरी वाट बघण्यात?”

मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगून टाकलं. तुम्हाला ते आवडलं. म्हणालात, “माहीत नाही, हे बरं. स्लो हे उत्तर नव्हे, ती तक्रार झाली. तक्रार गिऱ्हाइकानं करायची. आपण बघायचं.”

कसं बघायचं ते तुम्ही त्याच दिवशी खुर्ची ओढून मला दाखवलंत. कुठलाही प्रोग्रॅम स्वतःहून फार काही करू शकत नाही. फाइल उघडायची असो, डिस्कवर लिहायचं असो, दुसऱ्या मशीनशी बोलायचं असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करावी लागते. तुमची जेमतेम अर्ध्या पानाची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅमच, त्या मागण्यांच्या वाटेवर बसायची आणि कुणी काय मागितलं, कधी मागितलं आणि उत्तर कधी मिळालं, एवढंच टिपायची. याला ट्रेसिंग म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. होताना पहिल्यांदाच बघितलं. प्रोग्रॅम थांबवायचा नाही, त्यात बदल करायचा नाही. चालत्या मशीनवर स्क्रिप्ट लावायची, हवं ते बघायचं आणि काढून घ्यायची.

तुमच्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ मराठीत असायची. ती ओळ मशीन वाचत नाही, वाचणाऱ्या माणसासाठीच असते. तिथं तुम्ही प्रश्न लिहायचात. ‘डिस्क अडवतेय, की डिस्कपर्यंत पोचायच्या आधीच कुणी अडवतंय?’ अजितनं एकदा तक्रार केली की बंगळुरूच्या ऑफिसातल्या लोकांना हे कळत नाही, इंग्रजीत लिहा. तुम्ही म्हणालात, प्रश्न मला पडलाय. त्यांना पडेल तेव्हा ते कन्नडमध्ये लिहितील. अजित हसला नाही. मी हसू दाबायला खाली वाकून बॅगेत काहीतरी शोधलं.

मी मात्र नंतर विचारलं होतं की प्रश्न आधी लिहायची एवढी काय गरज. स्क्रिप्ट लावली की दिसेलच की काय ते. तुमचं उत्तर असं होतं, की प्रश्न नसताना बघत बसलं तर माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. तेव्हा मला ते फार काही पटलं नव्हतं.

माझी आई तुम्हाला एकदाच भेटली, पण तुमचं नाव तिनं पक्कं लक्षात ठेवलं. तुम्ही आणि तुमचे यजमान, दिलीपकाका, आमच्याकडे जेवायला आला होतात. तुम्ही दोघं म्हणजे पेठेतली माणसं, आमचं तिखट झेपेल का, म्हणून आई सकाळपासून चिंतेत होती. जेवताना तिनं तुम्हाला विचारलं, आमची मनीषा तिथं नक्की काय काम करती, मला काय बी उमगत न्हाई. मी लाजेनं मेले. तुम्ही घास खाली ठेवलात आणि तिला नीट सांगितलंत की एखाद्या कामाला वेळ लागला, तर तो वेळ काम करण्यात गेला की वाट बघण्यात गेला, ते ही शोधते.

“वाट बघण्यातच जातो की,” आई म्हणाली. “त्याला एवढं शिकावं लागतंय व्हय?”

“कुणाची, ते शोधायला लागतं,” तुम्ही म्हणालात आणि आणखी रस्सा मागून घेतलात. दिलीपकाका तोवर पाण्याचा तिसरा पेला पीत होते.

पण मला तुमची आठवण येते तेव्हा सगळ्यात आधी ती रक्तपेढी आठवते.

शहरातल्या एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आपल्याकडे होतं. कुठल्या गटाच्या पिशव्या शिल्लक आहेत ते शोधायचं, पिशवी द्यायची, नोंद करायची. ते मधूनच अडकायला लागलं. रोज अडकायचं असंही नाही आणि ठरलेल्या वेळी अडकायचं असंही नाही. पडदा गोठायचा. खिडकीबाहेर चिठ्ठी घेतलेला पेशंटचा नातेवाईक आणि आत रेखा नावाची तंत्रज्ञ बटण दाबत बसलेली. बाहेरचा माणूस आधी विनवायचा, मग ओरडायचा. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुरू व्हायचं.

आपल्याकडे तक्रार आली ती निकालासकट. तिथल्या प्रमुख डॉक्टरांनी कळवलं होतं की हा प्रकार बहुतेक वेळा रेखाच्या पाळीत होतो; ती घाईघाईनं एकच बटण पुन्हा पुन्हा दाबते आणि त्यामुळे सिस्टीम अडकते. तिला तशी नोटीस दिली होती आणि खिडकीवरून काढून दुसऱ्या कामावर पाठवायचं घाटत होतं. आपल्या लोकांनी आलेख उघडून बघितले. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, डिस्क आरामात. सरासरी तर उत्तमच. अजित म्हणाला, आपल्या बाजूनं सगळं ठीक आहे असं कळवून टाकू.

“सरासरी काढली की सगळेच सुखी दिसतात,” असं म्हणून तुम्ही चालू सर्व्हरवर स्क्रिप्ट लावायची परवानगी मागितलीत. अजित नको म्हणाला, आणि त्याचं अगदीच चूक नव्हतं. बघण्याचाही मशीनवर भार पडतो. आधीच अडकणारा रक्तपेढीचा सर्व्हर आपण बघायला गेलो म्हणून बसला, तर काय सांगायचं? तुम्ही वाद घातला नाहीत. चाचणीच्या मशीनवर स्क्रिप्ट चालवून तिचा भार किती पडतो ते मोजलंत, जे नको ते टिपणं काढून टाकून तो आणखी कमी केलात आणि मग अजितपुढे ठेवलंत. तेव्हा तो हो म्हणाला.

पहिल्या स्क्रिप्टनं एवढंच केलं की त्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक मागणीला किती वेळ लागला त्याची प्रतवारी लावली. पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या. वरती, जिथं वेळ अगदी थोडा, तिथं लांबच लांब रेघा. त्याखाली मोकळी जागा. आणि पार तळाला, इतकी बारीक की मला ती आधी दिसलीच नाही, अशी एक रेघ. तुम्ही पेन्सिलीचं टोक तिच्यावर टेकवलंत आणि म्हणालात की बाकीच्या हजारो मागण्यांत मिसळली की ही कुणालाच दिसत नाही.

दुसरी स्क्रिप्ट फक्त त्या तळाच्या रेघेसाठी होती. एवढा वेळ खाणारी मागणी कसली आणि कुणाकडे, एवढंच ती सांगणार. आपण ती लावून बसलो. सकाळ गेली तरी काही आलं नाही. तुम्ही डबा उघडलात, अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलंत आणि तेवढ्यात ओळ उमटली. प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राशी जोडणी मागत होता आणि पलीकडून उत्तरच येत नव्हतं. होही नाही, नाहीही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम थांबून थांबून पुन्हा विचारत होती आणि तोवर प्रोग्रॅम अडकून पडला होता. अडकताना त्यानं त्या रक्तगटाच्या साठ्याची नोंद आपल्याकडे धरून ठेवली होती, म्हणून त्याच गटासाठी आलेले बाकीचे सगळे त्याच्यामागे खोळंबलेले. कुणीच काम करत नव्हतं. आलेख निवांत दिसत होते ते त्यामुळेच.

पलीकडच्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता मिळाला, पण तिथं कोण आहे, ते ऑफिसात कुणाला सांगता येईना. शेवटी आपण दोघी रक्तपेढीत गेलो. प्रमुख डॉक्टरांनी तो पत्ता यंत्रांच्या जुन्या यादीत शोधला आणि कपाटावर बोट दाखवलं. तिथं फडक्याखाली लेबल छापायचा प्रिंटर होता. त्यांचं एक रक्तसंकलन केंद्र मागे बंद झालं होतं, तिथून तो उचलून आणून ठेवला होता. त्या केंद्रात नोंदवलेली पिशवी दिली की एक लेबल त्या केंद्राच्या प्रिंटरवर छापायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं आणि ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. केंद्र बंद झालं तरी तिथला गोठवलेला प्लाझ्मा अजून साठ्यात होता, कारण तो वर्षभर टिकतो. त्यातली पिशवी निघाली की प्रोग्रॅम कपाटावरच्या प्रिंटरला हाका मारत बसायचा. शस्त्रक्रियांची मागणी सकाळीच जास्त असते आणि सकाळच्या पाळीला रेखा होती.

दुरुस्ती मी केली आणि ती किरकोळच होती. अजितनं अहवाल लिहिला, ‘नेटवर्कसंबंधी अडचणीचे निराकरण करण्यात आले.’ तुम्ही त्याखाली एक वाक्य घातलंत की कर्मचाऱ्यांच्या हाताळणीचा या अडचणीशी काही संबंध नव्हता. अजितनं ते काढलं. त्याचं म्हणणं, हे त्यांनी आपल्याला विचारलेलं नाही, त्यांच्या नोटिशीत आपण कशाला पडायचं. मलाही तेच वाटत होतं आणि मी ते बोलून दाखवलं की आपलं काम सर्व्हरपुरतं आहे.

“मग ती नोटीस कुणी मागं घ्यायची?” तुम्ही मला विचारलंत. “सर्व्हरनं?”

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून तुम्ही पुन्हा रक्तपेढीत आलात. मला वाटलं होतं तुम्ही आता डॉक्टरांना सुनावणार. तुम्ही काहीच सुनावलं नाहीत. ते भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, अडचण सुटल्याबद्दल आभार मानले. तुम्ही विचारलंत, रेखाताईंना जरा आत बोलावता का. ती आली आणि दाराशीच उभी राहिली. नोटीस मिळाल्यापासून आत बोलावणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक झालं होतं.

तुम्ही बॅगेतून कागद काढून टेबलावर पसरलात. एका बाजूला प्रिंटरला हाक मारल्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला खिडकीवरच्या संगणकाकडून बटण दाबल्याच्या वेळा. ती दुसरी बाजू तुम्ही कधी टिपलीत, मला माहीतसुद्धा नव्हतं.

“आधी सिस्टीम अडकली,” तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, “मग यांनी बटण दाबलं. प्रत्येक वेळी याच क्रमानं. उलट एकदाही झालेलं नाही.”

डॉक्टरांनी कागद जवळ ओढून सगळ्या वेळा स्वतः ताडून बघितल्या. मग रेखाकडे बघून म्हणाले की नोटीस मी मागं घेतो आणि तसं लेखी देतो.   ती तुमच्याकडे वळली.

“म्हणजे मी बटण दाबलं तरी चालतं?”

“दाबा की. उपयोग काही होत नाही. पण दाबा.”

ती हसली आणि मग तिला हसू आवरेना. खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं म्हणून ती तशीच पळाली. परत येताना म्हात्रे पुलावर आपण गर्दीत अडकलो तेव्हा मी मागे वळून विचारलं की तुम्हाला हे एवढं का करावंसं वाटलं. हॉर्नच्या आवाजात तुमचं उत्तर मला जेमतेम ऐकू आलं.

“आपल्याला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.”

यावर तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. शोकसभेत मी सांगायला हवं होतं ते खरं तर हेच. पण सांगायला लागले असते तर मी तुम्हाला थोर करून टाकलं असतं, आणि तुम्ही थोर नव्हतात. हेकट होतात. लोकांची वाक्यं तोडायचात. अजितच्या तोंडाला तुमच्याशी बोलताना कोरड पडायची, हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

आपलं नंतरचं भांडण तर मिटलंच नाही. कंपनीनं मोठी देखरेख प्रणाली घेतली. सगळ्या मशीन्सवर, सगळ्या मागण्या, सतत टिपायच्या आणि साठवून ठेवायच्या. तोवर टीम माझ्याकडे आली होती आणि ती प्रणाली घ्यावी असं मीच सुचवलं होतं. तुम्ही भर मीटिंगमध्ये विचारलंत की हे बघणार कोण. एवढं सगळं साठवल्यावर प्रश्न विचारायची सवयच जाईल, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, ताई, रक्तपेढीचा सर्व्हर पुन्हा पुन्हा अडकला म्हणून आपल्याला त्यातला दोष सापडला. जे एकदाच होऊन जातं त्याचं काय? तुम्ही प्रश्न लिहाल, स्क्रिप्ट लावाल आणि ते पुन्हा होणारच नाही. तेव्हा आधीपासून टिपलेलं काही असायला नको?

खोलीतले सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही चष्मा नाकावर खाली ओढलात. मग म्हणालात, “विचार करते.”

तुम्ही निवृत्त झालात तरी तो विचार चालूच होता. शनिवारी कर्वेनगरला तुमच्याकडे आले की मी मुद्दाम विचारायचे, काय ताई, झाला का विचार? तुम्ही म्हणायचात, चाललाय. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. आणि कधी कधी सकाळी ऑफिसात गेल्यावर भिंतभर रंगीत आलेख दिसतात, सगळे हिरवे, आणि टीममधल्या कुणालाच त्यांच्याकडे बघून काही विचारावंसं वाटत नाही. तेव्हा वाटतं की तुमचंही बरोबर होतं. दोघींचं बरोबर असेल तर पुढे करायचं काय, हे तुमच्याशी बोलायचं राहिलंय. त्याला आता मला एकटीलाच तोंड द्यायचं आहे.

मग तुमचं दुखणं आलं. एकदा उपचारांनी मागे हटलं आणि पुन्हा आलं. डॉक्टरांनी उपचारांची आणखी एक फेरी सुचवली, रुग्णालयात राहून, रोजच्या तपासण्यांसकट. फायदा होईलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुम्ही नको म्हणालात. दिलीपकाकांनी मला फोन केला आणि मी त्याच संध्याकाळी आले ती भांडायच्या तयारीनंच.

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं. मी म्हटलं, जन्मभर तुम्ही तळाशी काय चाललंय ते बघायला शिकवलंत आणि आता स्वतःच्या वेळेला बघायचंच नाही म्हणता?

“उपमा बंद,” तुम्ही म्हणालात. “मी सर्व्हर नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो.”

मी रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलंत, पाणी आणायला लावलं नाहीत की पाठीवरून हात फिरवला नाहीत. माझं आवरल्यावर शांतपणे सांगितलंत की तपासण्या करून जे कळायचं ते तुम्हाला कळलेलं आहे, आणखी नेमकं कळून तुम्ही काही वेगळं करणार नाही. म्हणालात, या गॅलरीत सकाळी ऊन येतं, तिथं बसायचंय. दिलीपच्या हातची कॉफी वाईट असते, ती प्यायचीय. यात माझं चुकत असेल तर नेमकं कुठं चुकतंय ते दाखव, मी ऐकते. मी शोधलं. मला दाखवता आलं नाही.

आपण बोलत होतो तेव्हा दिलीपकाका स्वयंपाकघरात होते आणि भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. मला खाली सोडायला आले तेव्हा जिन्यात म्हणाले, “तू भांडलीस ते बरं झालं. मला तिच्याशी भांडता येत नाही. कधीच आलं नाही.” आणि मग, जिना संपल्यावर, की कॉफी वाईट असते हे त्यांना आजच कळलं.

त्यानंतरचे शनिवार मात्र चांगले गेले. हे म्हणायला विचित्र वाटतं, पण गेले. तुम्ही खुर्चीतून पलंगावर आलात, आवाज बारीक झाला, तरी वाक्यं तोडायची सवय काही गेली नाही. मी आईनं दिलेली मेथी आणायचे आणि निवडता निवडता ऑफिसातलं सांगायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मला वाटायचं झोप लागली, तेवढ्यात विचारायचात, “मग कुणाची वाट बघत होता तो?” आणि मला कळायचं की एक शब्दही निसटलेला नाही. कधी कधी आपण नुसत्याच बसायचो. ऊन गॅलरीतून आत येऊन पलंगाच्या पायापर्यंत पोचायचं आणि परत फिरायचं.

मी तुम्हाला कधी धन्यवाद म्हटले नाही. म्हटले असते तर तुम्ही विचारलं असतंत, कशाबद्दल, नेमकं सांग. मी बरेचदा मनात जुळवून आले होते आणि प्रत्येक वेळी ते पोकळ वाटायचं. आज सांगून बघते. तुम्ही मला भीती न वाटता ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवलंत. तुम्ही भेटायच्या आधी माहीत नसणं हा मला माझ्या धायरीच्या असण्याचा दोष वाटायचा, की पुण्यातल्या शिकलेल्या माणसांना सगळं माहीत असतं आणि मलाच तेवढं नसतं. आता मी मीटिंगमध्ये मराठीत म्हणते, मला माहीत नाही, बघते. ‘हाय’ही निसटतं. कुणी मरत नाही. एवढंच आहे ते, ताई. यापेक्षा नेमकं मला अजून जमत नाही.

शेवटच्या शनिवारी तुम्ही स्वतःहून एक काम सांगितलंत. म्हणालात, नखं वाढलीत, टोचतात. दिलीपला दिसत नाही आणि त्याच्या हातात नेलकटर दिला की मला भीती वाटते. मी टेबलावरून नेलकटर घेतला आणि सवयीनं बोलून गेले की शनिवारी नखं काढू नयेत म्हणतात.

“मग काय होईल?” तुम्ही विचारलंत.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत होतात. मग मीही हसले आणि पलंगावर बसून तुमचा डावा हात मांडीवर घेतला. हात अगदी हलका झाला होता. नखं ठिसूळ झाली होती, म्हणून मी एकेक हळूहळू काढत होते आणि पडलेले तुकडे रुमालात गोळा करत होते.  करंगळी झाली आणि मी दुसरा हात मागायला वर बघितलं, तर तुम्हाला झोप लागली होती. खरी झोप. श्वास संथ चालला होता.

दिलीपकाका दारात आले. “उठवू का?” त्यांनी हलकेच विचारलं. “तुझा निरोप घ्यायचा राहील.”

मी म्हटलं, नको, झोपू दे. बऱ्याच दिवसांनी अशी झोपल्यात. उरलेली पुढच्या शनिवारी काढते. तुमच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि निघाले.

बुधवारी सकाळी काकांचा फोन आला. मी कर्वेनगरला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुम्हाला बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं. मी खाली बसले आणि तुमचा उजवा हात हातात घेतला. नखं तशीच होती. त्यातलं एक माझ्या तळव्याला टोचलं. मी हात तसाच धरून बसून राहिले. मग कुणीतरी म्हणालं, बाई, जरा बाजूला होता का, उचलायचंय.